सायप्रसच्या दोन रांगांमधून

चेंबूरमध्ये गोल्फ क्लबच्या परिसरातील वस्त्यांत राहणारे काही कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे मदतनीस, सुट्टीच्या वेळी आपल्याच गल्लीत गोल्फ खेळतात. लोखंडी सळई वाकवून केलेली काठी, हलका प्लास्टिकचा चेंडू आणि दोन्ही बाजूंना घरांचे पत्रे, एवढ्यावर त्यांचा खेळ चालतो. त्यांच्यापैकी एकाने मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी गोल्फ शिकवला. जोरात मारलेल्या फटक्याचे कौतुक त्याने कधीच केले नाही. तो म्हणायचा, “साहेब, लांब कोणीही मारतो. या दोन पत्र्यांच्या मधून काढून दाखवा.” त्या वाक्याचा पूर्ण अर्थ मला कळला तो मुंबईपासून फार दूर, सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्डिंग पार्क या गोल्फच्या मैदानावर.

मुलगी तिकडे नोकरी करते, म्हणून आम्ही दोघे उन्हाळ्यात सहा आठवडे तिच्याकडे राहिलो होतो. हार्डिंग पार्क शहराच्या मालकीचे आहे. तिथे सदस्यत्व लागत नाही. वेळ आरक्षित करून शुल्क भरले की कोणालाही खेळता येते, आणि शहरातील रहिवाशांना तेच शुल्क कमी असते. मुंबईत गोल्फ म्हटले की क्लबचे फाटक आणि ओळखीचा सदस्य या दोन गोष्टी आधी आठवतात. त्यामुळे महापालिकेच्या बागेत जावे तितक्या सहजपणे पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारण्याच्या जागेवर, उभे राहताना मला मनापासून आनंद झाला. ज्या मैदानावर २०२० साली पीजीए अजिंक्यपद ही व्यावसायिक गोल्फमधील मोठी स्पर्धा झाली, तेच मैदान एरवी एखाद्या निवृत्त शिक्षकालाही खेळायला मिळते, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

हे मैदान १९२५ साली सुरू झाले. लेक मर्सिड या तलावाच्या काठाने ते पसरले आहे आणि जवळजवळ प्रत्येक फेअरवेच्या, म्हणजे टीपासून पुढे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही अंगांना मॉन्टेरी सायप्रसची जुनी, उंच झाडे उभी आहेत. आपल्या कोकण किनाऱ्यावरचे सुरूचे बन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना समुद्रवाऱ्याने झाडाला येणारा कल ओळखीचा वाटेल. मात्र सायप्रसचा पर्णसंभार कितीतरी दाट असतो आणि वर तो छत्रीसारखा पसरतो. चेंडू आत शिरला, तर तो खाली पडेलच याची खात्री नसते. तलावाच्या पलीकडच्या ऑलिम्पिक क्लबच्या मैदानावर १९९८ च्या यूएस ओपन या मोठ्या स्पर्धेत अमेरिकी गोल्फपटू ली जॅन्झेनचा चेंडू अखेरच्या दिवशी पाचव्या होलवर (टीपासून झेंड्याच्या खड्ड्यापर्यंतचा खेळाचा एक टप्पा म्हणजे होल) असाच सायप्रसमध्ये अडकला होता. तो नवा चेंडू मारण्यासाठी टीकडे परत निघाला असतानाच पहिला चेंडू झाडातून खाली पडला, आणि जॅन्झेनने ती स्पर्धा एका फटक्याने जिंकली. तेव्हा चेंडू शोधायला पाच मिनिटे मिळत असत. २०१९ पासून तीनच मिळतात.

पहिल्या चार होलमध्ये मी तीन वेळा झाडांत गेलो. तिन्ही वेळा हातात ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, होता आणि तिन्ही वेळा चेंडू उजवीकडे वळला. आपल्याकडे अनेकांना असे वाटते की चेंडू वळतो तो हात वाकडा फिरल्यामुळे. प्रत्यक्षात चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबच्या, म्हणजे काठीच्या, पात्याचे तोंड कुठे आहे यावर ठरते. ते तोंड आणि क्लबच्या प्रवासाची दिशा यांच्यात जितकी तफावत, तितका चेंडू हवेत वळतो. ड्रायव्हरच्या पात्याचा मागे झुकलेला कल कमी असल्यामुळे तीच तफावत त्याच्या फटक्यात अधिक उघडी पडते, आणि मध्यम अंतरासाठीच्या सात नंबरच्या आयर्नमध्ये बरीच झाकली जाते.

त्या रात्री मी मुलीच्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून साधे गणित मांडले. फेअरवे तीस मीटर रुंद आहे असे धरले, तर मध्यापासून कडेपर्यंत पंधरा मीटर मिळतात. दोनशे मीटरच्या फटक्यात पाच अंशांची चूक झाली, तर चेंडू मध्यापासून साडेसतरा मीटर बाजूला जातो, म्हणजे फेअरवेच्या बाहेर, झाडांकडे. हीच पाच अंशांची चूक दीडशे मीटरच्या फटक्यात केली, तर चेंडू तेरा मीटर बाजूला पडतो आणि गवताच्या कापलेल्या भागातच राहतो. चूक करणारा माणूस तोच, चूकही तेवढीच. वारा आणि फिरकी बाजूला ठेवली तरी एका फटक्याला शिक्षा होते आणि दुसऱ्याला होत नाही. मुलीने वही पाहिली आणि म्हणाली, “बाबा, मग उद्या ड्रायव्हर घरीच ठेवा.”

दुसऱ्यांदा खेळायला गेलो तेव्हा मी तो खरोखरच घरी ठेवला. चार नंबरचा हायब्रिड (लांब फटक्याची काठी आणि आयर्न यांच्या मधला प्रकार) आणि आयर्न एवढ्यावर अठरा होल खेळलो. सकाळी धुके होते, हवा थंड आणि जड होती, त्यामुळे चेंडू मुंबईपेक्षा कमी जात होता आणि पार-चारच्या, म्हणजे चार फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या, लांब होलवर दोन फटक्यांत ग्रीन (झेंड्याभोवतीचे बारीक कापलेले गवत) गाठणे मला शक्यच नव्हते. परंतु प्रत्येक वेळी तिसरा फटका मोकळ्या गवतावरून, समोर झेंडा स्पष्ट दिसत असताना मारायला मिळाला. माझ्याबरोबर दोन तरुण होते. ते माझ्यापुढे पन्नास-साठ मीटर चेंडू टाकत आणि नंतर बराच वेळ झाडांच्या बुंध्यांमध्ये वाकून चालत असत.

एकदाच मी झाडांत गेलो. समोर दोन खोडांच्या मधून ग्रीनचा एक तुकडा दिसत होता आणि मोह मोठा होता. तेवढ्यात चेंबूरच्या त्या मुलाचे शब्द आठवले: “साहेब, आधी बाहेर या. हुशारी नंतर.” चेंडू उजव्या पायाच्या जवळ घेऊन, अर्ध्याच स्विंगने, फांद्यांखालून तो आडवा फेअरवेवर काढला. असा फटका दिसायला काहीच नसतो. तरी त्या दिवशी मला सर्वांत अधिक समाधान त्यानेच दिले. नियमाप्रमाणे चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करून एक दंडाचा फटका घेण्याचीही मुभा असते, आणि बुंध्याला टेकलेल्या चेंडूवर मनगट दुखावून घेण्यापेक्षा ती घ्यावी, असे मी माझ्या वयाच्या सर्वांना सांगेन.

हार्डिंग पार्कवर लांब फटक्याला जागाच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. २०२० च्या त्या पीजीए स्पर्धेत अमेरिकी गोल्फपटू कॉलिन मोरिकावाने अखेरच्या दिवशी सोळाव्या होलवर टीवरून थेट ग्रीन गाठले, चेंडू झेंड्यापासून सुमारे सात फुटांवर थांबला आणि त्यातून मिळालेल्या ईगलने, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी घेतल्याने, त्याचे अजिंक्यपद जवळपास निश्चित झाले. तो फटका लांब होता, पण लोक आजही बोलतात ते त्या सात फुटांबद्दल.

मुंबईत परतल्यावर मी पुन्हा खारघरला जाऊ लागलो. सिडकोचे हे मैदानही सदस्य नसलेल्यांना शुल्क भरून खेळता येते, आणि मुलुंडहून पहाटे निघाले की वाहतूक सुरू होण्याआधी डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येते. तिथली उंचसखल जमीन हार्डिंग पार्कपेक्षा अगदी निराळी आहे. मी सरावाच्या जागेवर दोन पिशव्या एकमेकींपासून तीन पावलांवर ठेवतो आणि त्यांच्या मधून सात नंबरच्या आयर्नने पन्नास चेंडू काढतो. गेल्या रविवारी पन्नासपैकी एकतीस निघाले. चेंबूरच्या माझ्या शिक्षकाला फोन करून आकडा सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “आता दोन पावलांवर ठेवा.”