चौलहून त्वेरला: रशियाच्या जुन्या शहरांतून नऊ दिवस

जुन्या चौल बंदराला लागून असलेल्या आमच्या रेवदंड्यात अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. मी शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा दरवर्षी मुलांना तो दाखवायला नेत असे, आणि दरवर्षी कोणीतरी विचारीच, "बाई, हा माणूस इथे आला कशाला?" घोडा विकायला आला, असे मी सांगत असे. १४६९च्या सुमारास, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी, हा माणूस एक घोडा बरोबर घेऊन चौलच्या बंदरात उतरला. मग पुढचा प्रश्न येई, की तो आला कुठून? मी फळ्यावर 'त्वेर' असे लिहीत असे, पण त्या नावामागचे गाव, नदी किंवा माणसे यांतले काहीच माझ्या डोळ्यांसमोर उभे राहत नसे. ज्याने आमचे गाव पाहून लिहून ठेवले, त्याचे गाव आपण पाहिलेले नाही, ही रुखरुख निवृत्तीनंतर वाढतच गेली.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या तोंडावर, मी आणि माझी धाकटी जाऊ मुंबईच्या एका सहलीबरोबर रशियाला गेलो. मॉस्कोच्या ईशान्येकडील जुन्या शहरांचे जे वर्तुळ 'सुवर्ण कंकण' या नावाने ओळखले जाते, त्यातली पाच शहरे कार्यक्रमात होती. त्वेर त्या वर्तुळात नाही. ते मॉस्कोच्या वायव्येला आहे. मात्र शेवटचा दिवस मॉस्कोत मोकळा होता, आणि तो मी निघण्याआधीच मनात राखून ठेवला होता. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. भारतीयांना इलेक्ट्रॉनिक व्हिसा घरबसल्या मिळतो. परंतु आपली बँक कार्डे तिथे चालत नाहीत, त्यामुळे डॉलर किंवा युरो रोख न्यावे लागतात आणि तिथे रुबल करून घ्यावे लागतात.

मॉस्कोविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी थेट सेर्गियेव पोसादला येते. चौदाव्या शतकात संत सेर्गियस यांनी स्थापन केलेला मठ तिथे आहे, आणि भक्कम तटबंदीमुळे तो लांबून एखाद्या भुईकोटासारखा दिसतो. आमची रशियन मार्गदर्शिका मॉस्कोत हिंदी शिकलेली होती आणि फार जपून, शब्द निवडून बोलत असे. मी रेवदंड्याची आहे हे तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तटाच्या आत शिरल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या निकितीनची वही इथेच सापडली." एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझीन यांना याच मठाच्या ग्रंथालयात निकितीनच्या प्रवासवर्णनाची हस्तलिखित प्रत मिळाली. निकितीन स्वतः घरी पोहोचलाच नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याचा मृत्यू झाला. त्याचे लिखाण मात्र मायदेशी पोहोचले आणि साडेतीन शतके जवळजवळ अज्ञात राहिले. १४२२च्या सुमारास बांधायला घेतलेल्या तिथल्या त्रिमूर्ती चर्चमध्ये लोक रांगेने संताच्या समाधीवर डोके टेकवत होते आणि मेणबत्त्यांच्या उजेडात एक संथ गायन चालले होते. मी मात्र त्या वहीचाच विचार करत उभी होते.

रोस्तोव हे नेरो नावाच्या उथळ सरोवराकाठचे गाव आहे. तिथल्या घंटाघरातील सर्वांत मोठी घंटा दोन हजार पूड, म्हणजे सुमारे ३२ टन वजनाची असून, सतराव्या शतकात ती ओतवून घेणाऱ्या महाधर्मगुरू योना यांनी तिला आपल्या वडिलांचे, सिसोय यांचे, नाव दिले. रशियात घंटा हलत नाही. ती जागच्या जागी राहते आणि दोरीने आतला लोळा ओढून वाजवली जाते. हे कळल्यावर मला आपल्याकडच्या देवळांतील पोर्तुगीज घंटा आठवल्या. वसईच्या विजयानंतर चर्चमधून आणलेल्या त्या घंटा आपण देवळांत टांगल्या आणि आपल्या पद्धतीने लोळ्यानेच वाजवल्या. सिसोयचा ठोका कानांपेक्षा छातीत अधिक ऐकू येतो.

यारोस्लाव्ल येथे, जिथे कोतोरोस्ल नदी व्होल्गाला मिळते, तिथे आम्ही संध्याकाळी बराच वेळ बसलो. १०१० साली वसवलेले हे शहर सतराव्या शतकात व्यापाऱ्यांच्या पैशावर फुलले, आणि त्या काळचे तिथले सर्वांत सुंदर काम संदेष्टा एलिया यांच्या चर्चमध्ये आहे. स्क्रिपिन नावाच्या व्यापारी भावांनी ते १६४७ ते १६५० या काळात बांधले. भाऊ गेले तेव्हा भिंती कोऱ्याच होत्या. पुढे त्यांच्यापैकी एकाच्या विधवेने चित्रकार बोलावले, आणि १६८०-८१ मध्ये गुरी निकितीन व सिला साविन यांच्या हाताखाली पंधरा जणांनी तळापासून घुमटापर्यंत सारे चर्च रंगवून काढले. (हा निकितीन आमच्या निकितीनच्या नात्यातला नव्हे.) त्यांच्यासमोर हॉलंडहून आलेल्या छापील बायबलातील चित्रे नमुन्यादाखल होती, पण रंगवताना त्यांनी आपल्याच गावचे जग भिंतीवर आणले.

तिथल्या एका चित्रापुढून मला हलवेना. गोष्ट अलीशा संदेष्ट्याची आहे: एका बाईचा लहान मुलगा बापाबरोबर शेतावर जातो, तिथे त्याचे डोके दुखू लागते आणि तो मरतो, आणि मग संदेष्टा त्याला पुन्हा जिवंत करतो. परंतु चित्रकाराचे मन कापणीत रमले आहे. लाल, निळे, हिरवे सदरे घातलेले कापणारे ओणवे झाले आहेत, पिवळ्या पिकात विळे चालले आहेत, कापलेल्या पेंढ्या बाजूला रचल्या आहेत. एका हाताने ताटे मुठीत धरून दुसऱ्या हाताने विळा आपल्याकडे ओढायचा, ही पद्धत आमच्याकडे भातकापणीत आहे तशीच. माझी जाऊ खानावच्या बाजूची, शेतावर वाढलेली. ती चित्राकडे बघून म्हणाली, "ताई, यांची कंबर दुखत असणार, बघा कसा पाय टेकवलाय." मार्गदर्शिकेने या वाक्याचा अर्थ मला विचारून वहीत लिहून घेतला.

व्लादिमिर हे बाराव्या शतकात आंद्रेई बोगोल्युब्स्की या राजाने आपली राजधानी केलेले शहर. तिथल्या मुख्य चर्चमध्ये आंद्रेई रुब्लेव आणि दानिल चोर्नी यांनी १४०८ साली काढलेली भित्तिचित्रे आजही पुसट दिसतात. १२३८च्या फेब्रुवारीत मंगोलांनी शहर घेतले तेव्हा राजघराण्यातील स्त्रिया, मुले आणि आश्रयाला आलेले लोक याच इमारतीत धुराने आणि आगीने मेले. मार्गदर्शिकेने हे सांगितले आणि नंतर काही मिनिटे ती काहीच बोलली नाही. मला ते योग्य वाटले.

व्लादिमिरजवळच, नेर्ल नदीच्या काठी कुरणात, 'पोक्रोव' हे छोटे पांढरे चर्च आहे. छापील कार्यक्रमात त्याचे नाव ठळक होते. प्रत्यक्षात जेवणाला उशीर झाला, आणि सहलीच्या व्यवस्थापकाने "ते लांब आहे, चालावे लागते, बसमधून दाखवू" असे जाहीर केले. बसमधून ते दिसत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या नावाखाली ज्येष्ठांनाच वगळण्याची ही पद्धत मला मान्य नाही, आणि मी तसे स्पष्ट सांगितले. शेवटी अकरा जणांना मार्गदर्शिका स्वतः घेऊन गेली. रेल्वेमार्गावरचा पूल ओलांडला की कुरणातून दीड किलोमीटर पायवाट आहे. गवत गुडघ्यापर्यंत, त्यात पिवळी फुले, आणि समोर एका टेकाडावर एकच घुमट असलेली ती वास्तू, जवळ जाईपर्यंत हळूहळू मोठी होत जाणारी.

परंपरेप्रमाणे हे चर्च ११६५ साली बांधले. वसंतात बर्फ वितळले की नेर्लला पूर येतो आणि सारे कुरण पाण्याखाली जाते. तेव्हा बांधणाऱ्यांनी काय केले? जमिनीत पाया घातला, त्यावर सुमारे पावणेचार मीटर उंचीच्या दगडी भिंती उभ्या केल्या, त्यांच्या आतबाहेर माती दाबून भरली, आणि वरून त्या कृत्रिम टेकाडाला पांढऱ्या दगडाच्या लाद्या बसवल्या. म्हणजे आज आपल्याला जी टेकडी वाटते, ती माणसाने रचलेली आहे, आणि चर्चचा बराचसा भाग तिच्या पोटात आहे. १९५०च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा हे उघडकीस आले. आमच्याकडे खाडीलगत घर बांधताना आधी जोते किती उंच घ्यायचे हा विचार होतो, कारण उधाणाची भरती आणि पावसाचे पाणी एकत्र आले की काय होते ते पिढ्यान्‌पिढ्यांना ठाऊक असते. तेच शहाणपण इथे मला सर्वांत देखण्या रूपात दिसले. चर्चच्या तिन्ही दर्शनी भिंतींवर मधोमध राजा दावीद बसून तंतुवाद्य वाजवतो आहे, आणि त्याच्या आजूबाजूला सिंह व पक्षी ऐकत आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चर्च पाडून त्याचा दगड वापरायचे ठरले होते. ठेकेदाराशी दराबाबत एकमत झाले नाही म्हणून ते वाचले. पाण्यात चर्चचे प्रतिबिंब पडते ते पाहत जाऊबाई आणि मी गवतात बसलो, आणि परतताना कोणीही चालावे लागल्याची तक्रार केली नाही.

सुझ्दालला रेल्वे गेली नाही, म्हणून ते लहान राहिले आणि म्हणूनच टिकले. निळ्या घुमटांवरचे सोनेरी तारे, लाकडी घरांच्या खिडक्यांवरचे कोरीव काम आणि बाजारात मिळणाऱ्या मिठातल्या काकड्या एवढे माझ्या लक्षात राहिले आहे.

शेवटच्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी आणि मार्गदर्शिका त्वेरला गेलो. तिने त्या दिवसाचे पैसे घ्यायला नकार दिला. निकितीन निघाला तेव्हा त्वेर हे स्वतंत्र संस्थान होते. १४८५ मध्ये मॉस्कोने ते जिंकले. आपण 'सोनेरी घुमटाच्या पवित्र तारणहारा'पासून निघालो, असे त्याने लिहिले आहे. ते चर्च १९३५ साली पाडण्यात आले, आणि अलीकडे त्याच जागी पुन्हा उभारण्यात आले. तिथून व्होल्गा दिसते. मी तिला फार रुंद समजत होते, पण त्वेरला ती अजून तरुण आहे, आमच्या कुंडलिका नदीच्या मुखापेक्षाही अरुंद. याच पाण्यावरून तो कॅस्पियनकडे निघाला, आस्त्राखानजवळ लुटला गेला, बरोबरची पुस्तकेही गेली, आणि त्यामुळे परमुलखात आपले सणवार कधी येतात हेच त्याला कळेनासे झाले. ही खंत त्याने पुन्हा पुन्हा लिहिली आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, तो परत मिळवताना त्याच्या धर्मावर बेतले, मग बिदर, आणि परतीचे जहाज दाभोळहून.

व्होल्गाच्या काठी त्याचा पुतळा १९५५ मध्ये उभारला. त्याच्याकडे बघून मार्गदर्शिकेने पिशवीतून एक छोटे पुस्तक काढले आणि मी मागितलेला उतारा जुन्या रशियन भाषेत सावकाश वाचला. 'च्युविल' हा शब्द आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले, ते चौल. पुढे तो लिहितो, की इथे भारत देश आहे, लोक उघड्या अंगाने हिंडतात, डोकी झाकत नाहीत, आणि केसांची एकच वेणी घालतात. त्या शब्दाशी ती थांबली. 'कोसा', म्हणजे वेणी, असे म्हणत तिने जाऊबाईंच्या पाठीकडे बोट केले. जाऊबाईंनी वेणी खांद्यावरून पुढे घेतली, तिच्या टोकाची रिबीन सुटली होती ती पुन्हा बांधली, आणि मला म्हणाल्या, "ताई, ते वाक्य परत एकदा वाचायला सांगा ना."