नागभीड पॅसेंजरचं टाइमटेबल, अपडेट चौथं: रेघा पुसल्या तेव्हा टेबल दिसलं

तर मंडळी, मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दोन रविवारात संपवतो. सहा झाले. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, नागपूरच्या इतवारी स्टेशनापासून नागभीडपर्यंतची ही आपली छोटी गाडी, ७६२ मिलिमीटरचा नॅरो गेज म्हणजे अरुंद रूळ, २०१९ साली ब्रॉड गेजच्या कामासाठी बंद झाली, आणि भिवापूरला मामाच्या घरी दारामागे तिचं टाइमटेबल चिकटवलेलं होतं त्याची पिवळी पडलेली झेरॉक्स माझ्याकडे आहे. ते टाइमटेबल त्याच ढंगात पण मराठीत, लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखंच, पण फुकटचं सॉफ्टवेअर) बसवायचं आणि ए-३ वर छापून भिंतीवर लावायचं, बस एवढंच. आई दर रविवारी विचारते, "काऊन रे, गाडी बंद झाली अन तू टाइमटेबल करून राहिला?" माझ्याकडे उत्तर नाही, मी चहा मागतो.

मागच्या प्रिंटवर तुमच्यापैकी दोघांनी म्हटलं होतं की हे टाइमटेबल कमी आणि किराण्याची यादी जास्त वाटते. बरोबर होतं. कंट्रोल एफ-१२ दाबलं, रकाने-ओळी टाकल्या, टेबल आलं चारही बाजूंनी चौकटी घेऊन, आणि मी त्या चौकटी तशाच ठेवल्या. मग शोभा यावी म्हणून तयार स्टाईल्स लावून पाहिल्या, ॲकॅडमिक, एलिगंट, बॉक्स लिस्ट ब्लू, सगळ्या. निळ्या हेडिंगवर पांढरी अक्षरं स्क्रीनवर मस्त दिसली, नागपुरात बर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली तर वर काळा पट्टा आणि खाली पिंजरा.

मग झेरॉक्स पुन्हा नीट पाहिली, भिंग घेऊन. त्यात उभ्या रेघा फक्त एका ठिकाणी आहेत, मधल्या स्टेशनांच्या रकान्याच्या दोन्ही बाजूंना, कारण डावीकडच्या गाड्या वरून खाली वाचायच्या आणि उजवीकडच्या खालून वर. बाकी कुठेच उभी रेघ नाही! आकडेच एकाखाली एक इतके सरळ आहेत की रेघ लागतच नाही. हे मला चाळिशीत कळून राहिलं याची लाज वाटते पण ठीक आहे.

म्हणून पूर्ण टेबल सिलेक्ट केलं, बॉर्डर्समध्ये जाऊन सगळं शून्य केलं, आणि मग मोजून रेघा दिल्या. वर एक जाड, हेडिंगखाली एक बारीक, शेवटी एक जाड, आणि स्टेशनांच्या दोन बाजूंना दोन केसाएवढ्या. लांब टेबलमध्ये डोळा ओळ चुकतो, तर त्यासाठी दर चार स्टेशनांनंतर ओळीची उंची जराशी वाढवली, रेघ नाही टाकली. सेलच्या आतलं पॅडिंग, म्हणजे मजकूर आणि कडेमधली मोकळी जागा, आधी ०.१० सेंटीमीटर होतं, ते डावी-उजवीकडे वाढवलं, वर-खाली तेवढंच ठेवलं. फरक पाहून मीच दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

आता खरी डोकेदुखी, आकडे. मी सुरुवातीला वेळा इंग्रजी आकड्यांत टाइप केल्या होत्या, आणि एकाच रकान्यात काही आकडे जाड तर काही बारीक दिसून राहिले होते. फॉन्ट बदलला तरी तेच. भैताडासारखा तीन संध्याकाळी फॉन्ट बदलत बसलो. गोम अशी की रायटर इंग्रजी लिपीला एक फॉन्ट देतो आणि देवनागरीला दुसरा, दोघांचे साइजही वेगळे सेट होतात, आणि इंग्रजी आकडा बिचारा कोणत्याच लिपीचा पक्का नाही, तो आपल्या आधीच्या अक्षराकडे पाहून ठरवतो. म्हणजे "सुटते" लिहून पुढे वेळ टाकली तर ती देवनागरी फॉन्टात, आणि सेलमध्ये नुसती वेळ टाकली तर ती इंग्रजी फॉन्टात. कळल्यावर सगळे आकडे देवनागरी केले. ते पक्के देवनागरी असल्याने पूर्ण रकाना एका फॉन्टात आला. हे कॅरेक्टरच्या सेटिंगमध्ये शोधत असाल तर तिथे दोन वेगळे भाग दिसतील, एक वेस्टर्न आणि एक कॉम्प्लेक्स, कॉम्प्लेक्सवाला आपला. तिथेच भाषा मराठी करून ठेवा, काही फॉन्टांत त्याशिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि मग "लोकल" लिहिलं तरी परकं वाटते.

देवनागरी केले तर दुसरं लचांड उभं राहिलं. माझ्या फॉन्टात १ किडकिडीत आहे आणि ६ पसरट, त्यामुळे ११:११ आणि ०६:४० एकाखाली एक ठेवले की अपूर्णविराम इकडे-तिकडे पळतो. (वेळा उदाहरणादाखल, गाडीच्या नाहीत, कोणी स्टेशनवर जाऊन उभं राहू नका.) उजवीकडे अलाइन केलं तरी मिनिटांच्या आकड्यांमुळे तो हललाच. शेवटी डेसिमल टॅब कामी आला, म्हणजे आकडे दशांश चिन्हावर एकाखाली एक जुळवणारा टॅब. पॅराग्राफच्या टॅब्समध्ये डेसिमल निवडलं की बाजूला कॅरेक्टर म्हणून एक छोटा डबा आहे, त्यात टिंबाऐवजी अपूर्णविराम टाकला. मग सेलमध्ये कंट्रोल धरून टॅब मारायचा, नुसता टॅब मारला तर पुढच्या सेलमध्ये उडी जाते, आणि वेळ टाइप करायची. सगळे अपूर्णविराम एका दोरीत! दशांश चिन्हासाठी बनवलेली सोय गाडीच्या वेळेला लागली.

हे सगळं मी सेल-सेल करून नाही केलं, एवढी अक्कल पहिल्या तीन अपडेटमध्ये आली आहे. रायटर टेबलमधल्या मजकुराला आपोआप टेबल कंटेंट्स आणि हेडिंगच्या ओळीला टेबल हेडिंग अशी पॅराग्राफ स्टाईल देतो. मी टेबल कंटेंट्सच्या पोटात दोन नव्या काढल्या, "वेळ" आणि "स्टेशन". डेसिमल टॅब "वेळ"मध्ये, जाड अक्षर आणि मधोमध "स्टेशन"मध्ये. टॅब दोन मिलिमीटर सरकवायचा म्हटलं तर एका जागी बदलतो आणि सगळे रकाने हलतात. टेबलची तयार स्टाईल वगैरे ठीक आहे, पण माझ्या मते खरा ताबा पॅराग्राफ स्टाईलचाच.

आणि हो, नंबर रेकग्निशन बंद ठेवा. चालू असलं की सेलमध्ये आकडा दिसला रे दिसला की रायटर तो उचलून उजवीकडे खाली ढकलतो आणि आपण लावलेलं सगळं मोडते. हिशेबाच्या टेबलला चांगलं आहे, इथे नाही.

एक फजिती सांगायची राहिली. सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या दिसाव्या म्हणून मी रो हाइटमध्ये फिट टु साइजची खूण काढून उंची पक्की केली. भांडेवाडी ठीक, उमरेड ठीक, पण कुही? खाली उकार आणि वर वेलांटी, दोन्ही बाजूंनी उंच मागणारं नाव. उकार अर्धा कापला गेला आणि प्रिंटमध्ये स्टेशनचं नाव "कही" झालं. ए-३ च्या चार कॉप्या काढल्यावर दिसलं. आता खूण परत लावली, म्हणजे दिलेली उंची ही कमीत कमी उंची राहते, मजकूर मोठा असला की ओळ वाढते. लाइन स्पेसिंगमध्ये फिक्स्ड निवडलं तरी असंच मात्रांचं मुंडकं उडते, इंग्रजीत चालून जाते, आपल्याकडे नाही.

त्याच दिवशी दुसरं शहाणपण आलं, दुकानात मूळ फाइल न्यायची नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्टच नव्हता, दुसरा लागला आणि रकाने सगळे फुगले. पीडीएफ न्यायची, फॉन्ट आतच राहतो.

सेल मर्ज करायचे टाळा असं मागे कोणीतरी म्हटलं होतं, त्यांना दंडवत. उमरेडला गाडी येते आणि सुटते अशा दोन ओळी आहेत, तिथे स्टेशनचं नाव दोन्ही ओळींत मिळून एकदाच हवं म्हणून मी दोन सेल जोडले होते, मग रकाना सिलेक्ट करायला गेलो की भलतंच सिलेक्ट होऊन राहिलं होतं. आता जोडत नाही, खालचा सेल रिकामा ठेवतो. मधली रेघ तर तशीही पुसलेलीच आहे, कोणाच्या बापाला कळत नाही.

नावांवरून भांडण अजून चालूच आहे. रेल्वेच्या इंग्रजी पाट्यांवर उमरेडच्या शेवटी आणि नागभीडच्या शेवटी ड च्या जागी र असायचा, मी अर्थातच ड ठेवला. इतवारीचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी झालं आहे आणि एका मित्राने आग्रह केला की तेच टाक. टाकून पाहिलं. स्टेशनांचा रकाना सव्वातीन सेंटीमीटरचा, नाव तीन ओळींत गेलं, पहिलीच ओळ पोट सुटल्यासारखी झाली आणि वेळ कोणत्या ओळीसमोर ठेवायची हा नवा प्रश्न. त्याला म्हटलं, भाऊ, ही गाडी होती तेव्हा ते स्टेशन इतवारीच होतं. मानला एकदाचा.

आता परतीच्या बाजूचे दोन रकाने बाकी आहेत, खालून वर वाचायचे, आणि वाचणाऱ्याला ते कळावं म्हणून वर बाण काढू की नुसतं "खालून वर" लिहू हे ठरत नाहीये. झेरॉक्समध्ये तिथे नेमका घडीचा काळा डाग आहे. पुढच्या रविवारी मोतीबागच्या नॅरो गेज म्युझियमला जाऊन एखादं जुनं टाइमटेबल तिथे लावलेलं दिसते का ते पाहतो. तुमच्या घरी कोणाकडे असेल तर त्या कोपऱ्याचा फोटो टाका, बाकीचं नको, फक्त तो कोपरा.