शाडूवर उमटलेला नेचा

पानाफुलं शाडूत दाबून त्यावर प्लास्टर ओतून उठावदार ठसा घ्यायचा तर खरं काम शाडूवर होतं. प्लास्टर फक्त त्याबरहुकूम वागतं.

शाडू पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. बोटाला चिकटला तर पाणी जास्त, कडा तडकल्या तर कमी. दोन्ही बाजूंना २ सेंमी जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटलात की जाडी सारखी येते.

पानंफुलं ताजी हवीत, फार तर रात्रभर रद्दीत दाबलेली. पूर्ण वाळलेल्या पाकळ्यांचा लाटण्याखाली चुरा होतो. नेचा, शेपू, कढीपत्ता, गुलाबाची पानं सुरेख उमटतात. जास्वंद बुळबुळीत होऊन मातीला चिकटते, झेंडूचा नुसता खड्डा पडतो.

मांडणी मात्र उलटा विचार करूनच करायची. फुलाचं तोंड खाली. पानाची मागची बाजू मातीकडे, कारण शिरा तिथंच उठलेल्या असतात. ठशात जे पुढे दिसायला हवं ते आधी, अगदी मातीला लागून, मागचं त्याच्यावर. डावीकडचं उजवीकडे जाणार हेही धरून चला. मग लाटणं दाबून एकाच दिशेनं, एकदाच फिरवा. मागेपुढे केलं की पान सरकतं आणि कड दुहेरी येते. देठ चिमट्यात धरून अलगद उचला. नेच्याचं टोक मातीत राहिलं तर सुईनं काढा, नाहीतर प्लास्टरवर तपकिरी डाग पडतो.

भोवती पट्ट्यांची चौकट उभी करून बाहेरच्या फटी शाडूनं लिंपा. २० बाय २० सेंमीच्या, २ सेंमी जाड ठशाला ८०० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ५५० मिली पाणी पुरतं. पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, गुठळ्या होतात. मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळा. फेटलंत तर बुडबुडे आलेच. आधीचं वाळलेलं प्लास्टर भांड्याला राहिलं असेल तर नवं हातातच आवळतं. पावसाळ्यात सादळलेली पिशवी वापरूच नका, तिचा ठसा भुसभुशीत निघतो.

पहिला पातळ थर मऊ ब्रशनं शिरांमध्ये बसवा, लगेच उरलेलं एका कोपऱ्यातून ओता. टांगायचं असेल तर तारेचा आकडा काथ्यात गुंडाळून आत्ताच बुडवा. हात मात्र आत ठेवू नका. घट्ट होताना प्लास्टर तापतं, जाड थरात भाजण्याइतकं.

पाऊण तासानं, तापून गार झाल्यावर, चौकट काढा आणि शाडू सोलून घ्या. ठसा ओढलात तर बारीक देठ तुटतात. ठशाला चिकटून उरलेला शाडू पाण्याखाली मऊ ब्रशनं धुवा. ते पाणी मोरीत नको, बादलीत. गाळ खाली बसतो आणि नळी तुंबत नाही.

सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ठसा गालाला लावला आणि गार लागला, तर आत ओल आहे, रंग थांबवा. शाडू पुन्हा वापरता येतो, पण प्लास्टरचे कण वेचूनच. राहिलेला एक कणही पुढच्या पाकळीत खळगा पाडतो.