उतरवून घ्यायला माणसं कुठायत?

मंगळवार, रात्री उशिरा

सध्या ग्वाडलकनालवरचं वाचतोय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान ज्याच्यासाठी लढले, ते प्रशांत महासागरातलं बेट. लढाईचे डावपेच मला फारसे कळत नाहीत, पण माल उतरवायचा विषय आला की मी तिथेच अडकतो. गोदामात जन्म गेला, दुसरं काय होणार!

७ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकन मरीन, म्हणजे जहाजांतून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक, या बेटावर उतरले तेव्हा किनाऱ्यावर कुणी अडवलंच नाही. अडलं ते पेट्यांपाशी. होड्या एकामागून एक माल आणून टाकतायत, आणि तो वाळूवरून आत न्यायला माणसंच पुरेना. खोकी पाण्याच्या रेषेवर साचली, मागच्या होड्या लाटांत ताटकळत राहिल्या. आरमारवाले चिडले: नारळीखाली बसलेत ते सैनिक हात का लावत नाहीत? मरीनचं म्हणणं, सैनिक हमालीला लावले आणि जपानी आले तर लढायचं कुणी? मला दोघांचंही पटतं. माथाडी जेवायला गेले की ट्रकवाला क्लार्कलाच म्हणतो, तुम्ही घ्या ना उतरवून!

मग जवळच्याच सावो बेटापाशी जपान्यांशी रात्रीच्या लढाईत दोस्त राष्ट्रांच्या चार क्रूझर, म्हणजे मोठ्या युद्धनौका, बुडाल्या. विमानवाहू जहाजं आधीच मागे फिरली होती. ९ तारखेला मालवाहू जहाजंही निघाली, निम्म्याहून जास्त माल पोटात ठेवूनच. मरीन दोन वेळच्या जेवणावर आले, आणि त्यातही हाती लागलेला जपानी तांदूळ.

पुढे बेटावरच्या जपान्यांची गत याहून वाईट. दिवसा विमानांची भीती, म्हणून रात्री त्यांच्या विनाशिका, म्हणजे वेगवान युद्धनौका, माल घेऊन यायच्या, थांबायला वेळ नसायचा. धान्याची पिंपं दोरीने एकत्र बांधून समुद्रात सोडायची आणि किनाऱ्यावरच्यांनी दोरी ओढायची. ३ डिसेंबरच्या रात्री १५०० पिंपं सोडली, हाती आली जेमतेम तीनशेच्या आसपास. उजाडल्यावर उरलेली विमानांनी गोळ्या घालून बुडवली. उपाशी, हिवतापाने खंगलेल्या माणसांनी भरलेली पिंपं ओढायची, हा हिशोब कागदावर कुणी मांडला असेल?

उद्या न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या धक्क्याचं वाचायचंय. मरीन बेटावर उतरायच्या आधी तिथे त्यांची जहाजं रिकामी करून पुन्हा भरली, आधी लागणारं वर यावं म्हणून. जुलैचा पाऊस, पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटलेली. माझ्या मते खरा घोळ तिथेच सुरू झाला.