नांदूर दोन, गंगापूर दोन: टर्नपॉइंटची यादी करताना

नाशिकभोवती ग्लायडिंगची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाची टास्क (ठरवून दिलेला मार्ग) आखायची झाली तर टर्नपॉइंट, म्हणजे वळायचे बिंदू, कुठले घ्यायचे, याची यादी मी सध्या करते आहे. ओझर आणि गांधीनगरच्या विमानतळांमुळे इथलं आकाश मोकळं नाही, त्यामुळे ही टास्क सध्या तरी फोनवरच उडवायची. पण कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमुळे ग्लायडरची ओळख झाली, हडपसरला धावपट्टीच्या कडेला उभं राहून ग्लायडरला दोराने ओढून वर चढवणारी विंच बघितली, तेव्हापासून कुठल्याही डोंगराकडे बघताना मनात टास्क सुरू असते. यादी करायची तर नीटच करायची.

स्पर्धेत पायलटने ठरवून दिलेल्या बिंदूंना वळसा घालून परत यायचं असतं. पूर्वी त्या बिंदूचा वरून फोटो काढून पुरावा द्यावा लागे. म्हणून फोटोत चटकन ओळखू येईल असा पूल, चौक किंवा रेल्वे जंक्शन निवडत. आता ग्लायडरमधला जीपीएस लॉगर सगळा मार्ग नोंदवतो. रेसिंग टास्कमध्ये सहसा बिंदूभोवतीच्या ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात शिरलं की झालं. पुरावा सोपा झाला खरा, पण बिंदू आता खिडकीबाहेर बघून नाही, तर स्क्रीनवरच्या यादीतून निवडला जातो. सगळी भिस्त नावावर आली.

माझा भाचा एक्ससीसोअर या ग्लायडिंगच्या अ‍ॅपच्या सिम्युलेटरवर माझ्याच यादीची फाइल लावून बसला होता. नकाशावर नावाची पहिली पाचच अक्षरं दिसावीत अशी सोय त्यात आहे, ती त्याने लावलेली.

"मावशी, अगं नांदूर दोन दिसताहेत. कुठलं धरू?"

"शिंगोटे नको, ते पुणे रोडला. पाण्याजवळचं धर, मधमेश्वर."

"पण लिहिलंय दोन्हीकडे सारखंच ना!"

त्याचं बरोबर होतं. रोमन अक्षरांत नांदूर मधमेश्वर आणि नांदूर शिंगोटे पहिल्या सहा अक्षरांपर्यंत एकच आहेत. पिंपळगाव बसवंत आणि साक्रीकडचं पिंपळनेर यांचंही तेच. जुन्या हातातल्या जीपीएसमध्ये तर नावाला सहाच अक्षरं मिळायची, म्हणजे बाकीचं नाव गेलंच. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, कलंडून फिरताना, समोर दुसरी चार ग्लायडर असताना, पायलट स्क्रीनकडे अर्धा सेकंद बघतो. तेवढ्यात फरक कळला नाही तर तो नावाचा दोष, पायलटचा नाही. या बाबतीत मी अगदी ठाम आहे.

म्हणून जो शब्द वेगळेपण सांगतो, तो मी आधी घेते. मधमेश्वर नांदूर. शिंगोटे नांदूर. बसवंत पिंपळगाव. कानाला जरा उलटं वाटतं, पण पहिल्या तीन अक्षरांतच गाव कळतं आणि तीच तीन अक्षरं कोड म्हणून वापरता येतात. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनच्या यादीत प्रत्येक बिंदूला असा तीन अक्षरी कोड असतो. नुसते आकडे देणारेही आहेत, पण सतरा नंबर म्हणजे कोणतं गाव हे हवेत कोण आठवत बसणार?

गंगापूरने मात्र बराच वेळ खाल्ला. आपलं गंगापूर धरण आणि संभाजीनगर जिल्ह्यातलं गंगापूर. मोठा त्रिकोण आखला तर दोन्ही एकाच टास्कमध्ये येऊ शकतात. धरणाला मी गोदा धरण केलं आणि दुसऱ्याला गंगापूर राहू दिलं, कारण ते तालुक्याचं ठिकाण आहे.

नावाइतकाच महत्त्वाचा नेमका बिंदू. सिन्नर म्हणजे सिन्नरमधलं काय? गोंदेश्वराचं मंदिर, असं वर्णनात लिहिलंच पाहिजे. मनमाडला रेल्वे जंक्शन घेतलं, आणि जवळच एकटाच उभा असलेला तो सुळका, हडबीची शेंडी, वेगळा बिंदू म्हणून घेतला. मनमाडकडून गाडीने येणाऱ्या कुणालाही तो विचारा, नाव सांगतील. अशी यादी सीयू या ग्लायडिंगच्या प्रोग्रामच्या कप फाइलमध्ये ठेवतात, आणि तिच्यात बिंदूच्या प्रकारासाठी आकडा असतो: डोंगरमाथा ७, धरण १२, वीज केंद्र १५, किल्ला १६. आपल्या जिल्ह्यात चारही भरपूर वापरता येतात. धोडप १६, एकलहरे १५.

अक्षांश-रेखांश भरताना जपायला हवं. कप फाइलला अंश आणि मिनिटं लागतात, फोनवरचा नकाशा दशांश देतो. निफाडचा अक्षांश साधारण २०.०८ अंश, म्हणजे २० अंश ४.८ मिनिटं. तो कुणी २० अंश ८ मिनिटं असा भरला तर बिंदू जवळपास सहा किलोमीटर उत्तरेला सरकतो. ५०० मीटरच्या वर्तुळासाठी ही चूक फार मोठी आहे. म्हणून प्रत्येक बिंदू भरल्यावर मी तो सॅटेलाइट चित्रावर उघडून बघते, रस्ता, पूल, बांध जिथल्या तिथे आहेत ना.

रोमन स्पेलिंगचा घोळ अजून सुटलेला नाही. वणी व्हीने की डब्ल्यूने? येवल्यात मध्ये ओ की व्ही? सध्या हायवेच्या पाटीवर जे आहे ते घेते आहे. वणी, येवला, सुरगाण्याकडच्या कुणी आपल्या गावच्या पाटीचा फोटो पाठवला तर पुढच्या फाइलमध्ये तसंच टाकेन.