एकतीस टायर: शेडमधल्या ढिगाची आतापर्यंतची नोंद

जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचा नाद असलेल्या माणसाकडे टायर कसे साठतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन आपले असतात, चार ओळखीतला कोणीतरी ‘तुला लागतातच ना’ म्हणून टाकून जातो, आणि उरलेले कुठून आले ते आठवतच नाही. शेडच्या मागे ताडपत्रीखाली मोजले तेव्हा एकतीस निघाले. १७ कारचे, ११ दुचाकींचे, २ ट्रकचे आणि एक ट्रेलरचा.

आधी कापाकापी आणि मग विचार, असा माझा मूळ बेत होता. तो फसला ते पुढे येईलच. आता पुन्हा सुरुवात करायची झाली तर पहिले दोन दिवस फक्त धुणं, वाचणं आणि खडूने खुणा करणं यातच घालवीन.

वाचणं म्हणजे साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा, DOT अक्षरांनी सुरू होणारा डीओटी क्रमांक. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २४१७ असेल तर २०१७ सालचा चोविसावा आठवडा. बऱ्याच टायरांवर तारखेसह पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो, त्यामुळे दिसला नाही तर टायर उलटा करा. माझ्याकडच्या एका कारच्या टायरवर तीनच आकडे निघाले, ४०८. म्हणजे तो २००० च्या आधीचा. आठ हा वर्षाचा शेवटचा आकडा, पण दशक कोणतं ते त्यावरून कळत नाही. नक्षी मात्र जवळजवळ नव्यासारखी. मला क्षणभर मोह झाला, खरं सांगतो. मग साइडवॉल वाकवून पाहिली तर आत बारीक भेगांचं जाळं. टायर चालता असला की लवचताना रबरातलं मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं पृष्ठभागावर येत राहतात. नुसता पडून राहिला की ते थांबतं. न वापरलेला टायर म्हणजे चांगला टायर, हा समज त्या एका तुकड्याने माझ्या डोक्यातून काढला.

कारच्या टायरांच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिमीचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. या दोन चाळण्यांतून कारचे फक्त चार पार पडले. ते विकले. विकताना तारखेचा आकडा घेणाऱ्याला बोट लावून दाखवला, आणि एकातलं जुनं पंक्चर आतल्या बाजूने दाखवलं. पंक्चर मधल्या पट्ट्यात असेल तर नीट दुरुस्त होतं. खांद्यावर किंवा साइडवॉलवर असेल तर तो टायर रस्त्यावर पाठवू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. बाद झालेल्यांच्या साइडवॉलला मी स्वतः चीर देऊन ठेवली. टाकलेला टायर काळा रंग फासून पुन्हा गाडीवर चढलेला मी पाहिला आहे.

ट्रकच्या दोनपैकी एक रिट्रेडिंगला गेला. सांगाडा शाबूत असेल तर वरचा झिजलेला थर घासून नवा चढवता येतो. विमानांचे टायरसुद्धा असे अनेकदा रिट्रेड होतात, त्यामुळे ‘रिमोल्ड’ म्हटल्यावर नाक मुरडू नका. दुसऱ्याला साइडवॉलवर फुगा होता, म्हणजे आतले दोरे तुटलेले. तो परत आला.

उरले २६.

आता फसलेली गोष्ट. एक कारचा टायर जिगसॉने आडवा कापायला घेतला. साइडवॉलपर्यंत लोण्यासारखं गेलं, मग खर्र आवाज, धूर आणि पात्याचे दात गायब. दुसरं पातं. तेही गेलं. मग ग्राइंडर लावला आणि दोन मिनिटांत शेड काळ्या भुकटीने आणि जळक्या वासाने भरली. मास्क असूनही संध्याकाळपर्यंत घसा धरला होता. कारच्या रेडियल टायरची साइडवॉल बहुधा कापडी दोऱ्यांची असते, पण नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि रिमला बसणाऱ्या कडेत तारांचं जाड कडं. कापायचं तर साइडवॉलच कापा, धारदार सुरीने आणि साबणाचं पाणी सोडत. पाण्याशिवाय रबर पातं धरून ठेवतं. चामड्याचे हातमोजे हवेतच, तुटलेल्या तारेचं टोक सुईसारखं घुसतं.

दुचाकींचे टायर हा मात्र आनंदाचा भाग. माझ्याकडचे बहुतेक नायलॉनच्या थरांचे, नक्षीखाली पोलाद नाही. कडा काढून टाकल्या की सरळ पट्टा हाती येतो. पाच टायरांतून पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या झाल्या, शेडच्या दारांना बिजागऱ्या झाल्या आणि कामाच्या टेबलावर हत्यारं घसरू नयेत म्हणून अस्तर झालं. बिजागऱ्या तर पोलादी बिजागऱ्यांपेक्षा शांत आहेत, करकर नाही की गंज नाही.

कारचे टायर शेवटी अख्खेच वापरले. दोघांना वर-खाली प्लायचे गोल तुकडे बसवून, भोवती सुतळी चिकटवून बसायचे गोल स्टूल केले. एक झोक्याला गेला, तार कुठे बाहेर आलेली नाही हे आतून-बाहेरून चाचपूनच. तीन शेडच्या मागच्या भिंतीवर बोल्टने बसवले, गाडी मागे घेताना टेकायला. झोक्याच्या आणि भिंतीवरच्या टायरांना खालून भोकं पाडली आहेत, आणि ही गोष्ट विसरू नका. टायर आडवा ठेवा, उभा ठेवा, टांगा, पाणी धरून ठेवतोच. एडिस डासांची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. एशियन टायगर डास जुन्या टायरांच्या व्यापारातूनच समुद्र ओलांडून पसरला.

कुंड्या मी मुद्दाम केल्या नाहीत. फुलझाडांना ठीक असेल, खायच्या भाजीला नको. रबरात झिंक ऑक्साइड असतं, तेलं असतात. वर ज्या रसायनाने टायर भेगांपासून वाचतो, त्या ६पीपीडीची ओझोनशी गाठ पडली की तयार होणारा पदार्थ कोहो जातीच्या सॅल्मन माशांना मारतो, हे २०२० साली दाखवलं गेलं. टोमॅटोसाठी मला हा धोका घ्यायचा नाही.

उरले १५. यावर सल्ले भरपूर मिळाले. ‘जाळून टाक’ म्हणणाऱ्याला मी व्हर्जिनियातली १९८३ ची टायरांच्या ढिगाची आग सांगितली, ती सुमारे नऊ महिने धुमसत होती. ‘पुरून टाक’ म्हणणाऱ्याला सांगितलं की अख्खा टायर आत हवा धरतो आणि हळूहळू वर येतो. तिसऱ्याने विचारलं, वितळवत का नाहीत? तर १८३९ साली चार्ल्स गुडइयरला जे सापडलं त्यामुळेच. गंधकाबरोबर तापवलं की रबराच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. म्हणून टायर उन्हात चिकट होत नाही, आणि म्हणूनच प्लॅस्टिकसारखा वितळून पुन्हा साच्यात जात नाही.

शेवटी १४ टायर पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्याकडे गेले, त्यात माझ्या जिगसॉचा बळीही. त्याच्या अटी सोप्या होत्या: रिम काढलेली, माती नाही, पाणी नाही. तुकडे करून आणले तर काही फायदा नाही, यंत्र अख्खेच गिळतं, हे त्याने हसत सांगितलं. तिथे लोखंड चुंबकाने वेगळं होतं आणि रबराचा भुगा मैदानांखाली किंवा डांबरात जातो. काही माल सिमेंटच्या भट्टीतही जातो. टायरची उष्णता कोळशाच्या तोडीची असते आणि तारांचं लोखंड क्लिंकरमध्येच, म्हणजे दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांमध्येच, सामावतं. पायरोलिसिसवाल्यांबद्दल, म्हणजे हवेशिवाय तापवून टायर मोडणाऱ्यांबद्दल, मी साशंक आहे. बंद भट्टीत तेल, वायू, काजळी आणि तारा वेगळ्या होतात हे खरं, पण भट्टी नीट चालवली नाही तर शेजाऱ्यांचे हाल. तुमचे टायर तिकडे जाणार असतील तर परवाना आहे का ते विचारा.

राहिला एक, तीन आकड्यांचा. तो शेडच्या भिंतीवर खुंटीला टांगला आहे, खाली चार भोकं पाडून.

आता अडलंय ते एवढंच: दुचाकीच्या टायरची कड कापून काढल्यावर आतलं तारांचं कडं रबरातून स्वच्छ कसं सोडवायचं? पक्कड आणि पाना लावून एक कडं मोकळं व्हायला मला पाऊण तास लागला. कोणी हायड्रॉलिक जॅकवर घरच्या घरी जुगाड केलं असेल तर मांडणी सांगा. नऊ कडी अजून डब्यात पडली आहेत.