दशम्यांचा हिशेब

"किती लांब आहे गं तुझं ते न्यूयॉर्क?" आईने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर." ती डबा पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "ते राहू दे. किती जेवणं?"

आमच्या साताऱ्यात अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगतच नाही. पुणे अडीच तासांवर, कोल्हापूरही तेवढंच. आई त्याच्याही पुढे. पुण्याला डबा लागत नाही, मुंबईला एक जेवण, नागपूरला दोन.

मला वाटलं, सोपं आहे. विमान ताशी नऊशेने जातं, म्हणजे चौदा तास. पण भाचीच्या पृथ्वीगोलावर आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून धरला आणि चक्रावलेच. माझ्या डोक्यातला रस्ता अरबस्तान, भूमध्य समुद्र असा होता. दोरा मात्र वर सरकत अफगाणिस्तान, रशिया करत थेट आइसलंडवरून गेला! गोलावरची सरळ वाट सपाट नकाशावर अशी वाकडी दिसते. तीही विमानाच्या वाट्याला पुरती येत नाही. कुठे युद्ध, कुठे आकाश बंद, की घाल वळसा.

शिवाय वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, तेच जेट स्ट्रीम. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून जायला सोळा तास, यायला साडेचौदा. (काकांचं म्हणणं, पृथ्वी फिरतेच आहे, विमान नुसतं वर थांबलं तरी अमेरिका खाली येईल. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, हे त्यांना अजून पटलेलं नाही.) या वाऱ्यासाठी एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. रस्ता हजारभर किलोमीटरहून जास्त वाढला आणि वेळ सुमारे दोन तासांनी घटला. आमचे रिक्षावाले "लांबून नेतो ताई, पण लवकर पोचाल" म्हणतात, तेव्हा आता मी हुज्जत घालत नाही.

घड्याळाचा घोळ तर आईला समजावणं मी सोडूनच दिलं. उन्हाळ्यात रात्री दीडला मुंबईहून निघावं, तर त्याच तारखेला सकाळी आठला तिकडे. घड्याळाच्या मते साडेसहाच तास! येताना रात्री साडेआठला बसावं आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठलाच उतरावं. "मग मधला दिवस गेला कुठे?" आईने विचारलं. मी साडेनऊ तासांचा फरक बोटांवर मोजायला लागले, तोवर ती कणीक मळायला उठलीसुद्धा.

परवा निघताना पिशवीत फडक्यात बांधलेल्या सहा दशम्या निघाल्या, वर शेंगदाण्याची चटणी. "सोळा तासांच्या सहा," आई म्हणाली. "येताना वारा पाठीशी असतो ना? मग पाचच करून घे."